मुक्या स्पीकरसमोर त्रेचाळीस वेळा

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा फार सोशिक असतात. मोडकी खुर्ची सांगते, फाटकी छत्री सांगते, आणि शेवटी सगळ्याजणी डोळे पुसून गप्प बसतात. मी एक जुना माईक आहे. मला रडायचे नाही, मला भांडायचे आहे. इतकी वर्षे मी फक्त ऐकत आलो, आता तुम्ही जरा माझे ऐका.

आधी माझी ओळख करून देतो. मुठीत मावेल असा काळा दांडा, वर तारेची गोल जाळी, आणि जाळीच्या एका अंगाला पोचा. जाळीच्या आत बटणाएवढा पातळ पडदा आहे. पडद्यामागे केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे आणि त्याच्याभोवती चुंबक. आवाज आला की पडदा हलतो, त्याच्याबरोबर वेटोळे हलते आणि आवाजाची वीज होऊन ती वायरमधून पुढे जाते. माझ्या अंगावर दिवा नाही, काटा नाही, बटणसुद्धा नाही. मी साधा आहे, आणि आमच्या खोलीत साधे असणे हाच पुढे गुन्हा ठरला.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे एका लांब टेबलाशी बसून बायका भिंगाखाली तारा गुंडाळत. माझे वेटोळे जिने गुंडाळले ती बाई शिंक आली तर आधी हात बाजूला घ्यायची, मान वळवायची, आणि मगच शिंकायची. इतक्या निगुतीने मला घडवले हो! आणि मला पहिली नोकरी कुठे मिळाली? एका शाळेच्या सभागृहात. तिथले मुख्याध्यापक रोज माझ्या डोक्यावर तीन टिचक्या मारून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" असे विचारायचे. ऐकू तर मला येत होतेच, टिचक्याही लागत होत्या. तो पोचाही तिथलाच. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांचा पाय वायरमध्ये अडकला आणि मी व्यासपीठावरून थेट पहिल्या रांगेत गेलो.

तिथून मला एका रेकॉर्डिस्टने आणले. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची रेकॉर्डिंगची खोली एका रंगाच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून दुसऱ्या मजल्यावर. भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकलेल्या, मधे दुहेरी काच, काचेच्या पलीकडे काकांची खुर्ची. काका माणूस तिरसट, पण कानाचा पक्का. वादक आला की ते त्याला म्हणत, "तू वाजव, मी जरा हिंडतो." मग पाठीमागे हात बांधून ते खोलीभर हिंडायचे, कधी कोपऱ्यात उभे राहायचे, कधी वाद्यापुढे वाकायचे. मला हात लावायचे ते सगळ्यात शेवटी. "गिटारच्या पेटीपुढे ह्याच्याइतका सरळ कोणी नाही," असे ते माझ्याबद्दल म्हणत. मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी वीस वर्षे काढली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. विजेच्या गिटारचा आवाज गिटारीतून येत नाही. तो येतो अ‍ॅम्पमधून, म्हणजे शेजारी ठेवलेल्या जड पेटीतून. त्या पेटीच्या तोंडाला कापड ताणलेले असते आणि कापडामागे स्पीकर असतात. म्हणून अशा गिटारचे रेकॉर्डिंग करायचे तर माईक त्या पेटीपुढे उभा करतात. दोन बोटे इकडे सरकवला तर आवाज टोचरा होतो, दोन बोटे तिकडे सरकवला तर गोल होतो. ही दोन बोटे फुकट मिळतात. म्हणूनच बहुधा कोणाला त्यांची किंमत नसते.

काकांचा एक कान गेला, तेव्हा ते खोलीची किल्ली पुतण्याच्या हातात देऊन लेकीकडे राहायला गेले. पुतण्या वाईट मुळीच नव्हता. हसतमुख होता, आल्यागेल्याला चहा विचारायचा. पण त्याला ऐकण्यापेक्षा वाचण्याची हौस भारी. कुठल्या कंपनीने कोणता माईक काढला, कोणत्या यंत्राला किती बटणे, सगळे तोंडपाठ. वादक मंडळी त्याला पाठीमागे कॅटलॉगराव म्हणत. त्याने एका रविवारी खोलीची फरशी पुसली, कुठेतरी वाचून पट्टीने अंतरे मोजली आणि पेटी कुठे, माईकचा स्टँड कुठे हे पांढऱ्या चिकटपट्टीने फरशीवर आखून टाकले. स्टँडच्या जागेवर एक मोठी फुली. "आता कटकट नाही," तो म्हणाला. "पेटी रेघेवर, माईक फुलीवर. शास्त्रशुद्ध!"

मी मनात म्हटले, शाब्बास! ऐकायचे कामच संपले.

आता त्या बाईंबद्दल सांगतो. चाळिशीच्या गिटारवादक. दिवसा मुलांना शिकवायच्या, सुट्टीच्या दिवशी कार्यक्रमांत इतरांच्या गाण्यांमागे वाजवायच्या. मागे वाजवणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही, ते मला चांगले ठाऊक आहे. त्यांनी स्वतःची एक रचना केली होती. शब्द नाहीत, नुसती गिटार, साडेचार मिनिटांची. अकरा वर्षे त्या ती घरी वाजवत होत्या, जरा बदलत होत्या, पुन्हा वाजवत होत्या. आणि आता त्यांच्या डाव्या मनगटातली नस दाबली गेली होती. बोटे बधिर व्हायची, हातातला कप सुटायचा. डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवले होते. हात बरा होईल, पण बोटांत पूर्वीची ताकद येईलच असे नाही, हेही त्यांनी सांगितले होते.

म्हणून बाई गुरुवारी आमच्याकडे आल्या. सोमवारच्या आत ती साडेचार मिनिटे त्यांना नीट टिपून ठेवायची होती. एवढेच मागणे होते. सोबत त्यांची वहिनी आली होती, मोठ्या भावाची बायको. ती कपडे शिवायची. पिशवीत कायम कुणाचा तरी ब्लाऊज, ओठांत टाचण्या आणि बोलण्यातही टाचण्या. गिटार तिने उचलून आणली, कारण बाईंना हाताला ताण द्यायचा नव्हता. अ‍ॅम्पची पेटी कॅटलॉगराव आणि टेम्पोवाला यांनी जिन्यातून वर चढवली. वळणावर ती हातातून सुटली आणि दोन पायऱ्या खाली आदळली.

"काही नाही होत," कॅटलॉगराव म्हणाला. "जुनी पेटी आहे, दणकट असते."

त्या पेटीत दोन स्पीकर होते, डावा आणि उजवा. त्या आदळण्यात उजव्याची वायर आतल्या आत निखळली. डावा वाजत राहिला, आणि एकटाच खोली भरून टाकू लागला, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. आणि मित्रांनो, फरशीवरची ती शास्त्रशुद्ध फुली बरोबर उजव्या स्पीकरसमोर होती.

मला फुलीवर उभे केले. बाईंनी पहिला सूर छेडला आणि माझ्या तोंडापुढचे कापड ढिम्म हलले नाही. आवाज येत होता तो शेजारून, भिंतीवर आपटून, सतरंजीतून गाळून. मी काय करणार? जे आले ते पुढे पाठवले. काचेपलीकडे बाईंनी ऐकले आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा माझा आवाज नाही," त्या म्हणाल्या. "डब्यात बसून वाजवल्यासारखं येतंय. खोलीत तर छान वाटतंय."

"माईक म्हातारा झालाय, ताई," कॅटलॉगरावने लगेच निकाल दिला. "काकांच्या वेळचं धूड. थांबा, माझ्याकडे एक भारी आहे."

मला! म्हातारा! मी तिथे ओरडून सांगत होतो की अरे बाबा, माझ्यापुढे स्पीकर मेला आहे. पण माईकला ओरडता येत नाही. सगळ्या जगाचे ऐकणाऱ्याला बोलायची सोय ठेवलेली नाही, हा मला घडवणाऱ्यांचा विसरभोळेपणा मी कधीच माफ करणार नाही.

मला काढून कपाटावर ठेवले आणि फुलीवर नवा माईक आला. सोनेरी जाळीचा, स्वतःची लाकडी पेटी असलेला, रबराच्या झोळीत बसणारा. तो फार नाजूक ऐकतो. त्याने वाजणाऱ्या स्पीकरचा आवाज तर लांबूनच टिपला, शिवाय खालच्या रंगाच्या दुकानातल्या शटरची खडखडही टिपली. बाई पुन्हा म्हणाल्या, हा नाही. मग त्याच फुलीवर तिसरा माईक आला. मग माईक राहिला तसाच आणि माईकचा आवाज वाढवणारे यंत्र बदलले. शुक्रवारी त्याच्या जागी दिवे लागणारे दुसरे यंत्र आले. मग जाड वायर आली, पेटीखाली फोमची गादी आली, माईकमागे अर्धगोल पडदा उभा राहिला. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. दर वेळी कॅटलॉगराव त्या वस्तूची थोरवी सांगायचा, खोका उघडायचा, आणि पट्टीने मोजून वस्तू फुलीवर ठेवायचा. फुली सोडून एक वीत इकडे तिकडे जाण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

आणि दर वेळी बाई वाजवत होत्या. हे मला तुम्हाला नीट सांगायचे आहे. वस्तू बदलली की पाहायला पूर्ण रचना वाजवायची, असा त्याचा आग्रह. त्या बधिर बोटांनी तारा दाबायच्या. रचनेच्या शेवटी एक जागा होती. तिथे तिसऱ्या बोटाने तार ढकलून सूर हळूहळू वर चढवायचा, वर थोडा थांबवायचा, आणि तसाच विरू द्यायचा. ती जागा आली की त्या डोळे मिटायच्या आणि खालचा ओठ दातांत धरायच्या. वाजवून झाले की हात झटकायच्या, गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायच्या. वहिनी प्रत्येक वेळी आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर एक रेघ मारत होती. शुक्रवारअखेर एकतीस रेघा झाल्या.

कपाटावरून मी सगळे बघत होतो आणि माझा नुसता जळफळाट होत होता. माझा अपमान झाला म्हणून नव्हे. बरे, म्हणूनही! खोटे कशाला बोलू? पण त्याहून जास्त त्या हाताकडे बघून.

शनिवारी दुपारी त्रेचाळिसावी रेघ पडली. बाई काचेपलीकडून ऐकून आल्या आणि स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "जाऊ दे, वहिनी. माझा हातच गेलाय. माईक बदलून काय होणार? जे हातात नाही ते माईक कुठून आणणार?"

मित्रांनो, तेव्हा मला खरोखर वाटले की आपण कपाटावरून उडी मारावी.

वहिनी तेव्हा पेटीसमोर जमिनीवर बसून कुणाच्या तरी बाहीला हातशिलाई घालत होती. ती म्हणाली, "वन्सं, एकदा नुसती तार छेडा हो. जोरात."

"कशाला?"

"छेडा तर."

बाईंनी तार छेडली. वहिनीने मान तिरकी केली, टाचणी ओठातून काढली आणि पेटीच्या कापडाकडे बोट दाखवले. "इकडचं कापड थरथरतंय. तिकडचं नाही. एकाच ताग्यातलं, एकाच ताणाचं कापड, मग एका बाजूनेच का हलावं?"

कॅटलॉगराव हसला. "वहिनी, ते कापड आहे. आवाजाचा आणि कापडाचा काय संबंध?"

"मला आवाजातलं कळत नाही रे बाबा. पण कापडातलं कळतं. तुझ्या त्या फुलीसमोरचं कापड मेल्यासारखं पडलंय."

बाई उठल्या. त्यांनी उजव्या बाजूच्या कापडावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तार छेडली. मग तळहात डावीकडे नेला आणि पुन्हा छेडली. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग त्यांनी कॅटलॉगरावकडे पाहिले. त्या नजरेला मी माझ्या जन्मात ऐकलेली कुठलीही शिवी पुरी पडली नसती.

"म्हणजे तीन दिवस..." त्या म्हणाल्या.

"अहो, मी तेच म्हणणार होतो," कॅटलॉगराव म्हणाला. "मला आधीपासून पेटीचाच संशय होता."

"मग काय मुहूर्त बघत होतास?" वहिनीने विचारले.

त्याने खजील होऊन घाईघाईने सोनेरी माईक डाव्या बाजूला नेला. आता आवाज मोठा आला, पण फार चकचकीत, दातांत खडा यावा तसा. बाई म्हणाल्या, "तो काढ. तो पोचा पडलेला आण."

"ताई, त्याच्यापेक्षा हा कितीतरी..."

"आण म्हटलं ना."

मला खाली उतरवले. माझ्या जाळीवरची धूळ वहिनीने पदराने पुसली. बाईंनी मला स्वतःच्या उजव्या हाताने स्टँडवर बसवले, स्पीकरच्या मधोमध नाही, दोन बोटे बाहेरच्या अंगाला. एकदा तार छेडली, मला अर्धे बोट आत सरकवले, पुन्हा छेडली. "हां," त्या म्हणाल्या. "हा माझा." त्या वेळी मला जे वाटले ते मी लपवणार नाही. वीस वर्षांत मला कोणी इतक्या आपलेपणाने हात लावला नव्हता.

मग चव्वेचाळिसावी वेळ. काय वाजवले त्यांनी! सूर सुरुवातीला थोडा खरखरला आणि मग मोकळा झाला. माझा पडदा इतका मनापासून कधी हलला नव्हता. चार मिनिटे झाली. शेवटची जागा आली. त्यांनी डोळे मिटले, ओठ दातांत धरला, तिसरे बोट तारेवर रोवले आणि ढकलले. सूर अर्धा चढला आणि बोट घसरले. त्यांनी पुन्हा ठेवले. बोट तारेवर होते, पण दाब नव्हता. त्रेचाळीस वेळा मुक्या स्पीकरपुढे जो हात झिजवला, तो चव्वेचाळिसाव्या वेळी उरलाच नव्हता.

बाईंनी हात झटकला आणि गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला. मग कॅटलॉगराव म्हणाला, "शेवट आधीच्या टेकमधला जोडता येईल, ताई. कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," बाई म्हणाल्या. "डब्यातला शेवट नको मला. आहे तिथे थांबू दे."

रविवारीही बोटांत दाब आला नाही, आणि सोमवारी ऑपरेशन झाले. इकडे कॅटलॉगरावने त्या चव्वेचाळिसाव्या वेळेतला एक तुकडा इंटरनेटवर टाकला. लोकांनी वाहवा केली. "असा आवाज कसा मिळाला?" असे विचारले. त्याने उत्तरादाखल यादी दिली: सोनेरी माईक, दिव्यांचे यंत्र, जाड वायर, फोमची गादी, अर्धगोल पडदा. सगळ्यांची नावे, नंबर, कंपन्या. यादीच्या शेवटी एक शब्द होता, इत्यादी. मित्रांनो, तो इत्यादी म्हणजे मी. आणि कापडाकडे बघणारी वहिनी तर इत्यादीतही नव्हती.

हेही मी गिळले असते. पण पाच महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. हाताच्या आतल्या बाजूला गुलाबी रेघ होती. बोटे हलत होती. चमचा धरता येतो, मुलांना शिकवता येते, असे त्यांनी सांगितले. ती शेवटची जागा मात्र वाजत नव्हती, आणि वाजणार नाही असे डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितले होते. त्यांनी चव्वेचाळिसावी वेळ शांतपणे ऐकली. मग म्हणाल्या, "आता ते आधीचे लाव."

"कुठले?"

"ते त्रेचाळीस. त्यांत शेवट पुरा वाजलाय ना. आवाज वाईट असू दे, मला फक्त ऐकायचाय. एकदा."

कॅटलॉगराव कानामागे खाजवत म्हणाला, "ते पुसले हो, ताई. नव्या माईकच्या चाचण्या घ्यायच्या होत्या, जागा हवी होती. आणि तुम्हीच म्हणालात ना, नको म्हणून? काय कामाचे होते ते?"

बाई उभ्या राहिल्या. "जोडायला नको म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "माझे होते ते." एवढे बोलून त्या जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, त्या त्रेचाळीस वेळांपैकी पहिली मी स्वतः फुलीवर उभा राहून ऐकली आहे आणि उरलेल्या सगळ्या कपाटावरून. प्रत्येक वेळी तो सूर पुरा वर चढला होता. मला तो जसाच्या तसा आठवतो. पण माझ्या अंगात काही साठत नाही, आलेले पुढे पाठवायचे एवढेच मला येते. बाईंना परत द्यायला माझ्याजवळ काही नाही.

म्हणून माझी जाळी पुसा, मला पेटीत नीट ठेवा, असली विनवणी मी करणार नाही. नका पुसू! सोनेरी माईक आणा, दिव्यांची यंत्रे आणा, हौस भागवा. पण कोणी तुमच्यापुढे बसून वाजवत असेल, तर आधी उठून त्याच्याजवळ जा आणि आवाज कुठून येतोय ते बघा. आणि त्याने वाजवलेले पुसून टाकण्याआधी त्याला विचारा. निदान एवढे तरी विचारा.